बोलता येईल इतकंच पळवा: शाळकरी मुलांचा दम वाढवण्याची रीत

जून उजाडला, शाळा भरल्या की ग्राउंडवर येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, ह्याचा स्टॅमिना वाढवून द्या, थोड्याच दिवसांत तालुका स्पर्धा आहे." मी साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. शाळेच्या आधी दहा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचा धावण्याचा गट घेते. पालकांना मी एवढंच सांगते की दम नक्की वाढेल, पण तो हळू पळून वाढेल, आणि मुलाच्या अंगाची वाढ ज्या टप्प्यावर असेल त्या टप्प्याच्या कलाने वाढेल. पुढे जे लिहिलंय ते सगळं ह्या दोन गोष्टींतून येतं. घरच्या घरी सराव घेणारे आईबाबा आणि गावाकडच्या शाळांतले क्रीडाशिक्षक, दोघांनाही वापरता यावं म्हणून तपशिलात लिहितेय.

आधी कारण समजून घ्या. मूल धाप न लागता वीस-पंचवीस मिनिटं पळतं, तेव्हा हृदय एका ठोक्याला पूर्वीपेक्षा थोडं जास्त रक्त बाहेर ढकलायला शिकतं. मांड्या-पोटऱ्यांच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. विज्ञानाच्या पुस्तकात पेशीतल्या तंतुकणिका शिकवतात, ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या, त्या वाढतात. ह्या बदलांची सुरुवात काही आठवड्यांत होते, पण ते अंगात मुरायला महिने आणि वर्षं जातात. ऊर फुटेस्तोवर पळवल्याने ते लवकर येत नाहीत. मूल दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी येतं, किंवा येतच नाही.

मुलांचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाचं छोटं रूप असं धरून चालू नका. ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा मुलांत चांगली तयार असते. ऑक्सिजन अपुरा पडत असताना साखर जाळून झटपट ताकद काढणारी दुसरी यंत्रणा मात्र वयात येईपर्यंत कच्ची असते. म्हणून दहा वर्षांचं पोरगं पन्नास मीटर जीव खाऊन पळतं आणि मिनिटभरात पुन्हा हुंदडायला लागतं. त्यालाच ४०० मीटर पूर्ण वेगाने पळायला लावा, शेवटच्या वळणावर पाय शिशासारखे होतात. शिवाय त्याची धावण्याची ढब अजून पक्की झालेली नसते. तेवढ्याच वेगाला त्याला वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की तयारी करणारे बाबा लेकाला बरोबर घेऊन येतात, हे बघायला छान वाटतं. पण लेकाने बाबांच्या वेगाने पळायचं नाही, बाबांनी लेकाच्या वेगाने पळायचं.

प्रयोगशाळेत दम मोजतात त्या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात: मिनिटाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरता येतो. वयात येण्याआधी सरावाने हे माप सरासरी पाच-दहा टक्क्यांच्या पलीकडे फारसं हलत नाही. स्टॉपवॉचवरची वेळ त्याहून बरीच सुधारते, कारण ढब सुधारते, पाय लांब होतात आणि वेग वाटून घ्यायची अक्कल येते. तेव्हा दहा-अकराव्या वर्षी दम पिळून काढण्यापेक्षा नीट पळायला शिकवणं आणि पळण्याची गोडी लावणं ह्यात वेळ घाला.

सतराचा पाढा

हळू म्हणजे किती हळू, हे मुलांना सांगून कळत नाही. "आरामात पळा" म्हटलं की मुलं पन्नास मीटर आरामात पळतात आणि मग शेजारच्याच्या पुढे जायला बघतात. घड्याळं, छातीचे पट्टे ह्यांची गरज नाही. मी पाढे म्हणायला लावते.

दोघादोघांच्या जोड्या करायच्या, शक्यतो सारख्या दमाच्या. फेरी सुरू झाली की एकाने सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने ऐकायचा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न. एका श्वासात एक पूर्ण ओळ, तीही न तुटता यायला हवी. "सतरा चोक" म्हणून श्वास घेतला आणि मग "अडुसष्ट" आलं, तर वेग जास्त आहे. दोघांनी कमी करायचा, लागलं तर वीस पावलं चालायचं आणि पुन्हा सुरू करायचं. पुढच्या फेरीला दुसऱ्याने म्हणायचं. उलट्या बाजूने, गाणं तालासुरात म्हणता येत असेल तर वेग फारच कमी आहे, थोडा वाढवा.

पहिल्या आठवड्यात सगळे कुरकुरतात. चांगल्या दमाच्या मुलांना तर अपमान वाटतो. त्यांना मी नाडी मोजायला शिकवते. थांबल्या थांबल्या गळ्यावर, कंठमण्याच्या बाजूला दोन बोटं हलकी ठेवायची, पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं. पाढा नीट येत असेल तर बहुतेकांची नाडी १४० ते १६० च्या दरम्यान भरते. इथे एक सूचना. '२२० वजा वय' हे सूत्र मोबाइलवर सगळीकडे सापडतं, पण मुलांसाठी ते वापरू नका. मुलांची कमाल नाडी २०० च्या आसपास असते आणि दहा ते सोळा ह्या वयात ती दरवर्षी एकेकाने उतरत नाही. प्रत्येक मुलाचा आकडा वेगळा असतो. आकड्यापेक्षा पाढ्यावर विश्वास ठेवा.

आठवड्यातल्या एकूण धावण्यापैकी पाचातले चार भाग ह्याच वेगाचे हवेत. हे मी ठामपणे सांगते, कारण ह्यात सूट मागायला सगळेच येतात.

वयाप्रमाणे किती

दहा ते बारा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास पुरे. त्यातला निम्मा वेळ खेळ: खो-खो, लंगडी, आट्यापाट्या, लगोरी. खो-खोमध्ये मूल वीस सेकंद सुसाट पळतं, बसतं, उठतं, वळतं, पुन्हा पळतं. ह्या वयाच्या यंत्रणेला साजेसा ह्याहून चांगला सराव मला माहीत नाही. उरलेल्या वेळात एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, असं दहा वेळा. दर आठवड्याला पळण्याचा तुकडा थोडा लांब करत न्यायचा. दोन महिन्यांत बहुतेक मुलं पंधरा मिनिटं न थांबता पळू लागतात. किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. किलोमीटर मोजले की मुलं ते लवकर संपवायला बघतात आणि पाढा तुटतो.

तेरा-चौदाव्या वर्षी चार दिवस. दोन दिवस वीस ते तीस मिनिटं पाढ्याच्या वेगाने. एक दिवस खेळता वेग: रस्त्याकडेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात, पुढचे दोन खांब हळू. किती खांब ते मुलांनीच ठरवायचं, दमलं की थांबायचं. चौथ्या दिवशी चढ किंवा अंगमेहनत. शालेय स्पर्धांतही चौदा वर्षांखालच्या गटात सर्वांत लांबची धाव ६०० मीटरची आहे. ८००, १५०० आणि ३००० मीटर सतरा वर्षांखालच्या गटापासून येतात. सातवीतल्या मुलीला दहा किलोमीटरच्या 'रन'मध्ये उतरवून फिनिशर मेडलसह फोटो काढायची घाई कशासाठी?

पंधरा ते सतरा ह्या वयात, अंगाची वाढ बऱ्यापैकी स्थिरावली असेल तर, पाच दिवस चालतं. रविवारी एक लांब धाव, पंचेचाळीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत, पूर्ण पाढ्याच्या वेगाने. मधल्या वारी एक कठीण दिवस: पाच-सहा वेळा ४०० मीटर, ज्या वेगाने तो १५०० मीटर पळतो त्याच वेगाने, मध्ये दोन मिनिटं सावकाश जॉगिंग. शेवटचे ४०० पहिल्याइतक्याच वेळात आले तर काम बरोबर झालं. शेवटचे दहा सेकंदांनी मागे गेले तर पुढच्या वेळी एक कमी करा. अधूनमधून ह्या दिवसाऐवजी पंधरा मिनिटं 'जेमतेम तीन-चार शब्द बोलता येतील' अशा वेगाने सलग पळवायचं. बाकी दिवस हळू. एकूण मिनिटं आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, आणि तीन आठवडे वाढवल्यावर चौथा हलका ठेवा.

सगळ्या वयांना लागू पडणारी एक गोष्ट: हळू धाव संपल्यावर चार-सहा वेळा साठ-सत्तर मीटर मोकळेपणाने, लांब ढांगा टाकत पळायचं. ताकद लावायची नाही, मान-खांदे सैल. हळू पळून पाय जड होतील ही भीती अनेकांना असते. ह्या ढांगांनी ती निघून जाते.

आणि आठवड्यातून दोनदा घरची ताकद. सूर्यनमस्कार, बैठका, जोर, आणि पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली करणं. शेवटचा व्यायाम मुलांना कंटाळवाणा वाटतो, तरी सोडू नका. का, ते पुढे येतंय.

चढ कसा वापरावा

साताऱ्याला चढाची कमतरता नाही. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट, अजिंक्यताऱ्याचा गाडीरस्ता, चार भिंतीची चढण. चढावर पळताना पाय जमिनीवर कमी जोराने आपटतात आणि ताकद जास्त लागते, म्हणून दम आणि पाय दोन्हीला तो चांगला. पण सबंध घाट पळत चढायला लावू नका. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर बेताचा चढ असलेला शंभर पावलांचा तुकडा निवडा. वर जाताना छाती पुढे, हात कोपरातून हलते, पावलं छोटी. वर पोचलं की चालत खाली. सहा वेळा केलं की झालं. तेरा वर्षांखालच्यांना चार पुरेत.

खाली येताना चालतच यायचं, ह्यात तडजोड नाही. उतारावर धावताना मांडीचे स्नायू ताणत ताणत शरीर रोखतात आणि प्रत्येक पावलाचा दणका गुडघ्यावर-नडगीवर बसतो. मुलांना उतारावर सुसाट सुटायला आवडतं, म्हणून मी स्वतः वरच्या टोकाला उभी राहते, खाली नाही.

"कासला नेऊन पळवलं की हवा विरळ, दम लवकर वाढेल" असं सांगणारे भेटतात. कासचं पठार साधारण १२०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर. विरळ हवेने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्यात तर ढोबळमानाने दोन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच जागी काही आठवडे राहावं लागतं. कासला हवा गार आहे, रस्ता देखणा आहे, त्यासाठी जरूर जा. पावसाळ्यात मात्र त्या रस्त्यावर मुलांना नेत नाही. धुक्यात समोरची गाडी दिसत नाही. तेव्हा स्टेडियम बरं, नाहीतर शाळेचा लांब व्हरांडा आणि दोरीवरच्या उड्या.

उंचीची खूण

हा भाग सगळ्यांनी वाचावा असं मला वाटतं. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची दोन वर्षं नंतर. त्या काळात हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि त्यांच्या शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायू हाडाला बांधणाऱ्या) मागून येतात. हाडांच्या टोकांची वाढीची जागा अजून कूर्चेची, मऊ असते, आणि ताणलेली शीर नेमकी तिथेच ओढ देते. टाचेमागे दुखतं, गुडघ्याखालचं हाड दुखतं, त्याचं मूळ इथे.

प्रत्येक मुलाची उंची दर दोन महिन्यांनी एकाच भिंतीवर, अनवाणी, सकाळच्या वेळी मोजा आणि तारखेसह लिहा. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली तरी चालेल. दोन खुणांतलं अंतर अचानक मोठं दिसलं की समजा, हा तो काळ. तेव्हापासून वर्षभर एकूण मिनिटं वाढवायची नाहीत, उड्या आणि वेगाचा सराव निम्म्यावर आणायचा. ह्या काळात मूल अडखळतं, पाय कुठे पडतोय कळत नाही, आधीची वेळसुद्धा येत नाही. त्याला रागावू नका. लांब झालेल्या पायांची सवय व्हायला वेळ लागतोच.

रोज सराव सुरू होण्याआधी मी मुलांना उभ्या उभ्या तपासायला शिकवते. बूट काढायचे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत टाचेच्या दोन्ही बाजू दाबायच्या. मग गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर हाडाचा जो उंचवटा लागतो तो दाबायचा. मग नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा घोट्यापासून वर सरकवत न्यायचा. टाच किंवा उंचवटा दाबल्यावर चेहरा कसनुसा झाला, तर त्या दिवशी धावणं बंद. पोहणं, सायकल, पाटावरचे व्यायाम चालतील. सहसा काही आठवड्यांच्या आरामाने, पोटऱ्या ताणण्याने आणि त्या पायरीवरच्या टाचांच्या व्यायामाने सांभाळलं जातं. नडगीवर लांब पट्ट्यात दुखत असेल तर भार कमी करा. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मलम चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

मुलं दुखणं लपवतात, स्पर्धा जवळ आली की हमखास. म्हणून विचारण्यापेक्षा दाबून बघावं, आणि लंगडणाऱ्याला सगळ्यांसमोर कधीही टोचून बोलू नये.

मुलींबद्दल

बाराव्या वर्षापर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने पळतात, कधी पुढेही असतात. तेरा-चौदाला अनेकींची वेळ थांबते किंवा मागे येते. ह्याच वेळी घरचे म्हणतात, "लक्ष नाही हिचं आता," आणि पुष्कळ मुली इथेच ग्राउंड सोडतात. मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यामागचं कारण साधं आहे. वयात येताना मुलांचे स्नायू आणि हिमोग्लोबिन वाढतं. मुलींत शरीरातली चरबी वाढते, कंबर रुंदावते, हिमोग्लोबिन तेवढं वाढत नाही. त्यामुळे वजनामागचा दम दोन-तीन वर्षं एकाच जागी राहिल्यासारखा किंवा घसरल्यासारखा दिसतो. त्या शरीराची सवय झाली की सराव करत राहिलेल्या मुली पुन्हा पुढे सरकतात. त्या दोन-तीन वर्षांत त्यांच्यासमोर स्टॉपवॉच कमी काढा.

माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद हा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम तिने केला. आपल्या जिल्ह्यातल्या मुलीचं हे उदाहरण मी प्रत्येक आईला सांगते. तेराव्या वर्षीची वेळ हा काही अखेरचा निकाल नव्हे. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे लहानपणी रोज काही किलोमीटर पायी शाळेत जायचा, पण स्पर्धेच्या धावण्याकडे तो सैन्यात गेल्यावर वळला. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसमध्येच ८ मिनिटं ९.९१ सेकंदांपर्यंत पोचला.

मुलींचं हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासा. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्या, कितीही पळवलं तरी त्याशिवाय दम येणार नाही. रोजच्या जेवणात मटकी-हुलग्याची उसळ, पालेभाजी, बाजरीची भाकरी, वर लिंबू पिळून. खात असाल तर अंडी, मटण. जेवणाबरोबर चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगाला लागत नाही, तासाभराने घ्या. आणि पाळी सुरू झालेल्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर "बरंच झालं, सरावात खंड नाही" असं समजू नका. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की असं होतं, आणि त्यात हाडं कमजोर होतात. आधी खाणं वाढवा, सराव कमी करा, डॉक्टरांना दाखवा. वजन कमी कर असं कुठल्याही मुलीला सांगू नका.

भरतीच्या मुलांच्या मागे नको

पहाटे ग्राउंडवर भरतीची तयारी करणारी मोठी मुलं असतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, त्यामुळे ती रोज तेच अंतर घड्याळ लावून पूर्ण ताकदीने पळतात. अठरा-वीस वर्षांच्या मुलांनासुद्धा रोज हे करणं फायद्याचं नाही. आठवड्यातून एकदा पुरे. आपली सातवी-आठवीची पोरं त्यांच्या मागे लागतात, आणि कुणी कौतुकाने "पळ पळ" म्हणतं. माझ्या गटाची वेळ मी म्हणूनच त्यांच्यानंतर ठेवलीय. तुमच्या गावात सोय नसेल तर मैदानाची दुसरी बाजू घ्या.

पाणी, खाणं, झोप

सरावाआधी उपाशी पोटी नको. एक केळ, किंवा गूळ-शेंगदाण्याची मूठ, आणि भांडंभर पाणी, अर्धा तास आधी. संपल्यावर तासाभरात दूध, अंडं, पोहे, भाकरी, जे घरात असेल ते पोटभर. प्रोटीनच्या डब्यांची मुलांना गरज नाही. मार्च ते मे ह्या काळात आठच्या आत सराव संपवा. मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो, अंग लवकर तापतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, फार घाम आला तर मीठ-साखर-लिंबाचं सरबत.

तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी, त्याहून लहानांना नऊ ते बारा. रात्री अकरापर्यंत क्लासचा अभ्यास आणि पहाटे पाचला ग्राउंड, हे जमत नाही. अशा मुलाला मी संध्याकाळी बोलावते, नाहीतर दिवस कमी करते. सगळ्या खेळांचे मिळून आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत: बारा वर्षं तर बारा तास. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. वर्षातून दोन-तीन महिने धावण्याचा नेमका सराव बंद. मे महिन्यात विहिरीत पोहू द्या, डोंगर चढू द्या, क्रिकेट खेळू द्या.

ताप असेल तर पळायचं नाही, उतरल्यावरही दोन दिवस थांबा. पळताना छातीत दुखलं, पळता पळता चक्कर येऊन पडलं, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक हृदयविकाराने गेलं असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय सराव नको. पळाल्यावर छातीतून शिट्टीसारखा आवाज आणि खोकला येत असेल तर दम्याची शंका घ्या. औषध नीट चालू असेल तर दम्याची मुलं उत्तम पळतात. बरगडीखाली कळ येणं मात्र किरकोळ: वेग कमी, खोल श्वास, आणि जेवणानंतर दोन तास पळणं टाळायचं.

प्रगती मोजायची तर तीन महिन्यांतून एकदा. केनेथ कूपर ह्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्ये मांडलेली बारा मिनिटांची चाचणी कुठल्याही मैदानावर घेता येते: बारा मिनिटांत किती मीटर झाले ते लिहायचं, चाललं तरी चालतं. पावसाळ्यात वीस मीटरची शटल चाचणी सोपी: दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर पळत ये-जा करायची, वेग ताशी साडेआठ किलोमीटरने सुरू होतो आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. बीपचा आवाज मोबाइलवर मिळतो. निकाल मुलाच्या वहीत लिहा, भिंतीवर लावू नका. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी करायची, आणि शेजारी त्या दिवसाची उंची लिहायची.

तालुक्याच्या दिवशी

आदल्या आठवड्यात मिनिटं निम्मी, दोन दिवस आधी फक्त दहा मिनिटं हळू आणि साठ-सत्तर मीटरच्या चार ढांगा. नवे बूट, नवे स्पाइक्स त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. शर्यतीच्या अर्धा तास आधी हळू जॉगिंग, मग सांधे मोकळे, मग तीन ढांगा, आणि नाव पुकारेपर्यंत अंगात जॅकेट.

१५०० मीटर हरतात ते बहुतेक पहिल्या तीनशेत. पाच मिनिटांचं लक्ष्य असेल तर ४०० मीटरची प्रत्येक फेरी ८० सेकंदांची आणि सुरुवातीचे ३०० मीटर ६० सेकंदांचे. शिट्टी झाल्यावर सगळे पन्नास सेकंदांच्या वेगाने सुटतात. आपल्या मुलाला आधीच्या दोन आठवड्यांत तो ६० सेकंदांचा तुकडा इतक्यांदा पळवून ठेवा की घड्याळ न बघता त्याला तो अंगात कळेल. पहिल्या वळणावर तो शेवटचा दिसेल. कठड्याजवळ उभं राहून ओरडू नका. तिसऱ्या फेरीत पुढचे गळू लागतात, तिथून एकेकाला गाठायचं आणि शेवटच्या दोनशेत सगळं लावायचं. रेषा ओलांडल्यावर खाली बसू देऊ नका, दहा मिनिटं चालवा, पाणी द्या. दोन दिवस सुट्टी. नंबर आला तर जिल्ह्याची तारीख बघून पुन्हा पाढ्याच्या वेगाने सुरुवात, आणि नाही आला तरी तीच सुरुवात, सोमवारी सकाळी.